अळी दिसली? फवारणीआधी पाय मोजा!

विलो म्हटलं की आपल्याला क्रिकेटची बॅट आठवते. न्यूझीलंडमध्ये मात्र हे झाड नदीचा काठ सांभाळतं. बाहेरून आणलेलं, पण मुळांचं जाळं माती घट्ट धरून ठेवतं म्हणून काठाकाठाने मुद्दाम लावलेलं. १९९७ मध्ये तिथे त्याची पानं फस्त करणारा कीटक सापडला : विलो सॉफ्लाय, शास्त्रीय नाव नेमॅटस ऑलिगोस्पिलस. पानं वारंवार गेली की झाड खंगतं आणि काठ उघडा पडतो.

सॉफ्लाय म्हणजे करवत माशी. ती मधमाशी-गांधीलमाशीच्या गणातली, पण तिला ना बारीक कंबर, ना डंख. मादीच्या पोटाच्या टोकाला करवतीसारखा दातेरी अवयव असतो. त्याने पान चिरून ती अंडं घालते.

घोळ होतो तो अळीपाशी. हिरवी, पानाच्या कडेला चिकटलेली ही अळी कुणालाही फुलपाखराची किंवा पतंगाचीच वाटेल. मोबाइलवर वरून काढलेल्या फोटोत तर फरक कळणं कठीणच. फरक असतो खाली. छातीचे तीन जोड खरे पाय दोघांनाही असतात. त्यामागचे मांसल पाय मोजायचे. फुलपाखरं-पतंगांच्या अळीला ते जास्तीत जास्त पाच जोड्या, सॉफ्लायच्या अळीला सहा किंवा अधिक. शिवाय डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच ठळक डोळा.

हा नुसता अभ्यासकांचा छंद नाही. अळ्यांवर सर्रास मारलं जाणारं 'बीटी कुर्स्टाकी' हे जैविक कीटकनाशक फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांच्या आतड्यावर काम करतं. सॉफ्लायवर त्याचा उपयोग नाही. म्हणजे ओळख चुकली की पैसे पाण्यात, अळी पानावर! आपल्याकडे मोहरीवर येणारी काळपट अळीही सॉफ्लायचीच, मांसल पायांच्या आठ जोड्यांची. तिथेही हाच हिशेब.

अ‍ॅपवर माझा राग नाही. इंजिनीअरिंग केलेल्या माणसाला तो परवडतही नाही. पण इनपुटमध्ये पायच नसतील तर आउटपुटवर विश्वास कसा ठेवायचा? अ‍ॅपने 'बाजूने फोटो द्या' असं आधी विचारायलाच हवं.

नेमकी प्रजाती सांगायची तर तेवढ्यानेही भागत नाही. प्रौढ मादीची करवत सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. नर शोधायच्या भानगडीत पडू नका : दक्षिण गोलार्धात पसरलेल्या या प्रजातीत माद्याच आढळल्यात. फलनाशिवाय अंडी, त्यातून पुन्हा माद्या. एक पोहोचली तरी पुरे.

ऑस्ट्रेलियात हीच माशी २००४ मध्ये आढळली. तिथे बऱ्याच विलोंची गणना उपद्रवी तणांत होते, त्यामुळे काहींना ती चक्क मदतनीस वाटली.