वाचकांची वर्गणी की जाहिरातदारांची मर्जी?

बंगळूरच्या राजाजीनगर औद्योगिक वसाहतीतील कामगार पाळी संपल्यावर फोनवर एखादे वृत्त उघडतो, तेव्हा बातमीआधी जाहिराती त्याच्यापुढे उभ्या ठाकतात. पैसे मोजून घेतलेला त्याचा डेटा त्या खातात आणि तो काय वाचतो याची नोंद परस्पर तिसऱ्याच्या हाती जाते. त्याने जाहिरातरोधक बसवला, तर त्याला चोर ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु जाहिरात गेली तर वार्ताहराचे वेतन कोठून यायचे? बड्या भांडवलाने आपल्यापुरते उत्तर शोधले आहे. अ‍ॅडब्लॉक प्लसची चालक कंपनी मोठ्या जाहिरात कंपन्यांकडून शुल्क घेऊन त्यांच्या ‘स्वीकारार्ह’ जाहिरातींना वाट करून देते. जाहिरातींवर पोसलेल्या गूगलने तर २०२४-२५ मध्ये क्रोम ब्राउझरचे नियमच बदलले आणि युब्लॉक ओरिजिन हा प्रभावी रोधक त्यातून बाद केला. बाजारही त्याचाच आणि बाजाराची वेसही त्याचीच!

दुसरा मार्ग वाचकांच्या वर्गणीचा. २०१२ मध्ये दिल्लीत सुरू झालेली न्यूजलाँड्री सरकारी व कंपन्यांच्या जाहिराती नाकारून याच मार्गाने गेली. २०१४ मध्ये बंगळुरात निघालेल्या द न्यूज मिनिटनेही सभासद-वाचकांचा आधार उभा केला. मात्र बातमीला कुलूप लावून वर्गणी वसूल करण्याची पद्धत सरसकट मान्य करता येणार नाही. ज्याच्या वेतनाची बातमी आहे तोच कामगार दाराबाहेर राहणार असेल, तर ती पत्रकारिता कोणासाठी? ऐपत असेल त्याने द्यावे, वाचावे मात्र सर्वांनी, ही ब्रिटनच्या गार्डियनने अवलंबिलेली रीत अधिक रास्त आहे. आपला पैफंड तरी याहून वेगळा काय होता?

आता या मार्गावरही सत्तेची नजर गेली आहे. बंगळूरचेच द फाइल हे कन्नड वृत्तस्थळ आणि द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह यांची ना-नफा संस्था म्हणून असलेली मान्यता आयकर खात्याने काढून घेतल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उघड झाले. पत्रकारितेतून सार्वजनिक हेतू साधत नाही, असे कारण कलेक्टिव्हला देण्यात आले! याउलट परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरात-उत्पन्नावर २०१६ पासून असलेली ६ टक्के आकारणी त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून रद्द झाली. वाचकाच्या शंभर रुपयांच्या देणगीवर कर आणि मक्तेदारांच्या कोट्यवधींना माफी! ही आकारणी पुन्हा बसविली पाहिजे आणि देणगीवर चालणाऱ्या वृत्तस्थळांची करसवलत विनाविलंब पूर्ववत केली पाहिजे.