केकचा भाव माणशी ठरावा, किलोवर नको

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर अशा गावांत घरी केलेल्या केकचे आता कुणाला नवल वाटत नाही. ओटीजी, बीटर आणि टर्न टेबल एवढ्या सामग्रीवर बायका वाढदिवसाच्या, साखरपुड्याच्या, शाळेतल्या निरोप समारंभाच्या ऑर्डरी घेतात. केक चांगला होतो, गिऱ्हाईक पुन्हा येते, पण खर्च वजा जाता हाती उरते ते कष्टाच्या मानाने थोडेच. याचे कारण मला हातच्या कसबात नव्हे, भाव लावण्याच्या रीतीत दिसते. घरून केक करणारीने किलोचा भाव सोडून माणशी तुकड्याचा भाव धरावा आणि मोठ्या ऑर्डरीसाठी मजल्यांच्या गोल केकऐवजी ट्रेमधला चौकोनी केक हा आपला मुख्य माल करावा, असे माझे म्हणणे आहे.

किलोचा भाव हा मुळात बेकरीचा भाव आहे. तिथे मोठी भट्टी असते, मैदा-साखर पोत्याने येते, स्पंज एकदम भाजून ठेवलेले असतात. एका केकमागे मजुरी थोडी पडते. घरी एकेक केक स्वतंत्र होतो. त्याच्या कडा सारख्या करणे, नोझलने फुले काढणे, नाव लिहिणे यात जाणारा वेळ तराजूवर दिसत नाही. एक किलोचा साधा केक आणि एक किलोचा नक्षीचा केक यांचे वजन एकच, श्रम मात्र दुप्पट-तिप्पट. शिवाय वजनाने विकायचे म्हटले की साखरपाणी जास्त पाजण्याचा मोह होतो. हलका, जाळीदार स्पंज करणारीला तिच्या चांगुलपणाचा दंडच बसतो. आणि घरच्या समारंभाला वजनाशी काय देणेघेणे? साठ माणसे येणार आहेत, प्रत्येकाच्या हातात तुकडा पडला पाहिजे, एवढीच यजमानाची चिंता असते.

ट्रे केक या चिंतेला सरळ उत्तर देतो. आठ इंची गोल भांड्याचे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस इंच. 9 बाय 13 इंचांच्या ट्रेचे 117, म्हणजे सव्वादोन पटींहून जास्त. या ट्रेचे चार बाय सहा असे 24 तुकडे पडतात, प्रत्येक साधारण सव्वादोन इंचांचा. साठ माणसांना तीन ट्रे केले की 72 तुकडे होतात, आयत्या वेळी आलेल्यांचीही सोय होते. घरच्या ओटीजीत एका वेळी एकच असा ट्रे नीट भाजला जातो. प्रत्येकाला अर्धा तास ते पस्तीस मिनिटे धरली, तर भट्टीचे काम दोन तासांत उरकते. स्पंज आदल्या संध्याकाळी भाजून पूर्ण गार करायचा आणि क्रीम सकाळी लावायचे. वीज मध्येच गेली तर अर्धवट भाजलेला स्पंज खाली बसतो, म्हणून हे काम शेवटच्या घटकेवर ढकलायचेच नाही. केक ट्रेमध्येच राहत असल्याने क्रीम फक्त वरच्या बाजूला सपाट करावे लागते. कडांवर जाणारा सगळा वेळ वाचतो. एगलेसची मागणी मिश्र असेल तर त्याचा ट्रे वेगळा भाजता येतो.

गिऱ्हाईक तर किलोच विचारते, असा पहिला आक्षेप येईल. पण हेच गिऱ्हाईक आचाऱ्याशी बोलताना पानावर भाव ठरवते. वरण-भाताचे वजन कुणी मागत नाही. आणि दिवाळीच्या तोंडावर रवा, तूप, पिठीसाखर घेऊन नानकटाई भाजायला भट्टीवर जाणाऱ्या घरांना भाजणावळ ही सामानापेक्षा वेगळी चीज आहे हे ठाऊक असते. सामान आपले, पैसे फक्त भाजण्याचे. श्रमाला स्वतंत्र किंमत देण्याची सवय आपल्याकडे आहे. केकवालीने ती उघडपणे मागितली पाहिजे. वजन डब्यावर जरूर लिहावे, म्हणजे तुलना करणाऱ्याला ती करता येईल.

दुसरा आक्षेप दिसण्याचा. फोटोत उंच केक हवा असतो, सपाट ट्रे बिचारा वाटतो. ही हौस खोटी नाही, आणि तिच्यावर उपायही सोपा आहे: कापायला अर्ध्या किलोचा सजवलेला केक, वाटायला ट्रे. नंदुरबार जिल्ह्यात तर हा शहाणपणाचाच मार्ग आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो आणि क्रीम गारव्याबाहेर टिकत नाही. तळोद्याहून धडगावला चांदसैली घाटाने मजल्यांचा केक नेणे म्हणजे प्रत्येक वळणावर जीव मुठीत धरणे. ट्रेमधला केक झाकण लावून निमूट पोचतो. लांबच्या, उन्हाळ्यातल्या ऑर्डरीला क्रीम टाळून टूटीफ्रुटीचा ट्रे करावा. टूटीफ्रुटी कच्च्या पपईची असते आणि शहादा तालुका पपईचा आहे. हा माल घरच्या घरी करण्याचा विचार बचत गटांनी जरूर करावा.

सगळ्यांत गंभीर आक्षेप गरिबीचा आहे. आदिवासीबहुल, हातावर पोट असलेल्या जिल्ह्यात मजुरी मोजून केक विकला तर घेणार कोण? सजावटीचा वेळ वाचल्याने ट्रेमधला तुकडा नक्षीच्या केकपेक्षा मजुरी धरूनही स्वस्त बसू शकतो, हे झाले हिशेबाचे उत्तर. पण खरा प्रश्न त्यापलीकडचा आहे. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात, पुरुष 97. स्वयंपाकघरातला वेळ फुकट धरण्याची ही सवय केकच्या ऑर्डरीतही शिरते. गिऱ्हाइकाला मिळालेली स्वस्ताई त्या बाईच्या झोपेतून कापून दिलेली असेल, तर तिला गरिबांची सोय म्हणणे मला मान्य नाही.

हा धंदा आहे, हे कायद्यानेही मानले आहे. 2011 च्या अन्न सुरक्षा नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यावसायिकांसाठी वर्षाला 100 रुपयांत नोंदणीची सोय केली. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत 2020 पासून कर्जाशी जोडलेले 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांचे अनुदान ठेवले गेले. पण बँकेत प्रकरण घेऊन जायचे तर हिशेब लागतो, आणि मजुरीचा रकानाच नसलेल्या वहीतून नफा दाखवता येत नाही. म्हणून बचत गटांच्या बेकरी वर्गात क्रीमची फुले शिकवण्याआधी ऑर्डरवही शिकवावी: माणसे किती, कुठे आणि किती वाजता पोचवायचे, अंड्याचा की एगलेस, आगाऊ किती मिळाले, सामान कितीचे, तास किती लागले आणि त्या तासांचे पैसे किती.