शिबी राजाचे डोळे आणि सहा तासांचा हिशेब

अजिंठा : बाहेरच्या उन्हातून सतराव्या लेण्यात पाऊल टाकले की पहिली काही मिनिटे भिंतीवर काहीच दिसत नाही. डोळ्यातील बाहुली मोठी होते, आतले दृष्टिपटल अंधाराला सरावते आणि मग एकेक आकृती उलगडू लागते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील या लेण्यात शिबी राजाची कथा रंगविलेली आहे. अंध याचकाला राजा आपले डोळे देतो. जातककथेतील वैद्य त्याला पुन:पुन्हा विचार करावयास सांगतो. राजा बधत नाही. अंध मातापित्यांची सेवा करणारा श्याम आणि अंध हत्तिणीला सांभाळणारा तिचा पुत्र हेही याच लेण्यात आहेत. त्या काळच्या चित्रकारांना आंधळेपण चांगलेच परिचयाचे असावे.

नेत्रदान म्हटले की आजही अनेकांच्या मनात हेच चित्र उभे राहते : अख्खा डोळा काढून दुसऱ्याला बसविणे. विज्ञानाला ते अद्याप साधलेले नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये अख्ख्या डोळ्याचे प्रत्यारोपण झाले, रक्तपुरवठाही टिकला. दृष्टी मात्र आली नाही. प्रत्यारोपण होते ते डोळ्याच्या दर्शनी भागावरील, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पटलाचे, म्हणजे कॉर्नियाचे. घड्याळावर काच असावी तसे हे पटल. त्यात रक्तवाहिन्या नसल्याने परक्याचे पटलही शरीर बहुधा स्वीकारते.

मात्र प्रत्येक अंधाला त्याचा उपयोग नाही. मोतीबिंदूत पटलामागचे भिंग गढूळ होते. ते काढून कृत्रिम भिंग बसविले की काम भागते. 'मोतीबिंदू पिकू द्या' हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला, आता त्यात अर्थ उरलेला नाही. काचबिंदूत डोळ्याची नस, तर मधुमेहात दृष्टिपटल निकामी होत जाते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली तेवढी वाचविता येते. या दोन्हींत दुखत नाही म्हणून तपासणी लांबते.

२०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे होते. पन्नाशीच्या आतील चित्र वेगळे : तेथे ३७.५ टक्के वाटा पटल पांढरे पडण्याचा, म्हणजे खेड्यात ज्याला 'फूल पडणे' म्हणतात त्याचा होता. म्हणजे ऐन कमावत्या वयाचे नुकसान. सिल्लोड-सोयगावच्या मका-कापसाच्या शिवारात याचे एक कारण सहज समजते. पात्याचा किंवा काडीचा ओरखडा डोळ्याला बसतो, जखमेत बुरशी शिरते. मग औषधाच्या दुकानातून कुणाच्या तरी सांगण्यावरून थेंब आणले जातात. त्यात स्टेरॉइड असले तर लाली कमी होते, दुखणे थांबल्यासारखे वाटते आणि बुरशी आत पसरते. ओरखडा लागताच नेत्रतज्ज्ञाकडे गेल्यास बहुतेक डोळे वाचतात.

जे वाचत नाहीत, त्यांच्यासाठी नेत्रदान. मृत्यूनंतर पटल साधारण सहा तासांच्या आत काढावे लागते. चष्मा होता, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, मधुमेह होता, यांपैकी काहीही आड येत नाही. पंखा बंद करावा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा, डोके उशीवर उंच ठेवावे. वीसेक मिनिटांचे काम, चेहरा विद्रूप होत नाही.

अडचण आहे ती अंतराची. अजिंठा गाव छत्रपती संभाजीनगरहून सुमारे १०० किलोमीटर. रात्री मृत्यू झाला, घरच्यांना सकाळी आठवण झाली, शहरातून पथक निघाले, की सहा तास संपतात. संकल्पपत्र कपाटातच राहते. पटल एकदा काढले, की योग्य द्रावणात ते काही दिवस टिकते. प्रश्न फक्त पहिल्या टप्प्याचा आहे. कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीने प्रशिक्षित तंत्रज्ञालाही हे काम करण्याची मुभा दिली आहे. असा एक माणूस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असला आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक गावोगाव, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेला असला, तर शहरातील पथकाची वाट पाहण्याचे कारण उरणार नाही.