बारीक अक्षरातलं वेल्डिंग
खांद्याला अडकवून पाइपरॅकवर नेता येणारं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन कोणाला नको? जुना तेलाचा ट्रान्सफॉर्मर हलवायला चार माणसं लागत. (तो बिघडायचाही क्वचितच.) पण हे पिटुकलं यंत्र रुसतं ते नेमकं रूट रन, म्हणजे जोडाचा पहिला थर, मारताना. ६०१० सेल्युलोज रॉडला आर्क टिकवायला जास्त व्होल्टेज लागतं. बऱ्याच स्वस्त मशिनांत ते नसतं, आर्क तुटतो. शिवाय पंखा ग्राइंडिंगची लोखंडी धूळ आत ओढतो. ती सर्किट बोर्डावर साचली की आयजीबीटी ट्रान्झिस्टर उडायला वेळ लागत नाही. पाटीवर ‘२०० अँपिअर’ ठळक, ड्युटी सायकल मात्र बारीक अक्षरात: ३० टक्के म्हणजे त्या करंटवर दहा मिनिटांत तीनच मिनिटं वेल्डिंग. ठेकेदारांनो, आधी ती ओळ वाचा, मग पैसे मोजा.