हवेचा हिशेब कोणी द्यायचा?

८ ऑगस्ट २०२४ रोजी रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ मध्ये खुली झालेली ही वास्तू पुन्हा उभी राहावी, याविषयी दुमत नाही. ती होती तशीच दिसावी, हा कोल्हापूरकरांचा आग्रहही रास्त आहे. परंतु वास्तूचे पुनरुज्जीवन म्हणजे केवळ भिंती आणि कमानी यांचे पुनर्दर्शन नव्हे. आत बसणाऱ्या माणसाला पुरेशी शुद्ध हवा मिळते काय, आणि त्यासाठी लागणाऱ्या विजेचा भार कोण सोसतो, हे प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. ते केवळ अभियंत्यांचे प्रश्न नाहीत.

जुनी नाट्यगृहे उंच छप्पर, झरोके आणि अनेक दारे यांच्या आधारे वायुवीजन साधत. वातानुकूलन आले की हे मार्ग बुजवले जातात. बाहेरची उष्ण हवा आत घेऊन थंड करण्यास वीज अधिक लागते. म्हणून ताज्या हवेची वाट बंद करून तीच ती हवा फिरवत ठेवण्याचा मोह व्यवस्थापनास होतो. प्रेक्षकांचे डोके जड होते. पडद्यामागे राबणाऱ्या कामगारांच्या वाट्याला तर पुष्कळदा ती थंड हवाही येत नाही. आणि धूर झाला, तर हीच बंदिस्त व्यवस्था जीवघेणी ठरते. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ माणसे मरण पावली, ती प्रामुख्याने ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गुदमरून.

शुद्ध हवा आणि वीजबचत यांत विरोध आहे, असे भासवले जाते. छपराला उष्णतारोधक थर दिला, कार्यक्षम यंत्रे बसवली, आणि कार्बन डायॉक्साइडचे प्रमाण मोजून गर्दीनुसार ताजी हवा कमी-अधिक केली, तर दोन्ही साधते. खरा विरोध आहे तो आरंभीचा खर्च आणि आवर्ती खर्च यांत. सर्वांत कमी रकमेची निविदा स्वीकारली जाते. ठेकेदार स्वस्त यंत्रे बसवून मोकळा होतो. पुढे वर्षानुवर्षे फुगलेले वीजबिल भाड्याच्या रूपाने नाट्यसंस्थांवर पडते. बडा व्यावसायिक निर्माता ते तिकिटात वसूल करतो. हौशी मंडळी, कामगार नाट्यसंघ आणि शाहीर मात्र सार्वजनिक पैशाने बांधलेल्या रंगमंचापासून दूर लोटले जातात.

नियमांचा तुटवडा नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. वायुवीजन व अग्निसुरक्षेसाठी २०१६ ची राष्ट्रीय इमारत संहिता आहे. तुटवडा आहे तो उत्तरदायित्वाचा. ऐतिहासिक वास्तूचे नाव पुढे करून मानकांतून सवलत मागणे हा इतिहासाचा सन्मान नव्हे.

म्हणून नूतनीकरण होणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक नाट्यगृहाबाबत आमच्या तीन मागण्या आहेत. निविदा ठरवताना बांधकामाच्या रकमेबरोबर पुढील वीस वर्षांचा वीजखर्च व देखभाल धरावी. प्रेक्षागृह, रंगपटाच्या खोल्या व तंत्रज्ञांच्या जागा यांतील हवेची भरल्या प्रयोगात मोजणी व्हावी. ही मोजणी, वीजवापर आणि अग्निसुरक्षेचा अहवाल दरवर्षी नाट्यगृहाच्या दारावर लावावा. हे आपणहोऊन मिळाले नाही, तर २००५ च्या माहिती अधिकाराचे शस्त्र कार्यकर्त्यांच्या हाती आहेच. आपल्या गावच्या नाट्यगृहापासून त्यांनी आरंभ करावा. उद्घाटनाची फीत कापून होण्यापूर्वी हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत.