उषाच्या कमाईचा हिशेब

आपल्याकडच्या सिनेमात मुलीचं निरागसपण 'हरवतं' ते एका ठरावीक पद्धतीनं. बाहेर वीज कडाडते, देवघरातला दिवा विझतो, बांगडी फुटते आणि कॅमेरा चटकन खिडकीकडे वळतो. पुढच्या दृश्यात मुलगी भिंतीला टेकून बसलेली आणि आई कपाळाला हात लावून. झालं! तीन मिनिटांत पोरीच्या आयुष्याचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन तुकडे पडतात. बाईची अब्रू म्हणजे काचेचं भांडं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि सिनेमावाल्यांनी ते भांडं पडद्यावर शेकडो वेळा फोडून दाखवलं.

पण मैत्रिणींनो, खरंच असं होतं का? निरागसपण एका रात्रीत जातं की रोज थोडं थोडं? आणि 'हरवलं' म्हणजे काय? छत्री हरवते, किल्ली हरवते. मुलीचं निरागसपण जेव्हा जातं तेव्हा बहुतेक वेळा ते कुणीतरी घेतलेलं असतं. घेणारा घरातलाच असला, तर त्याला आपण चोर म्हणत नाही, एवढंच.

हा प्रश्न ज्या सिनेमानं दिवा न विझवता, वीज न कडाडवता विचारला, तो श्याम बेनेगल यांचा 'भूमिका'. सिनेमा हिंदी, 1977 सालचा. पण त्यातली गोष्ट अस्सल आपल्या मातीतली. मराठी पडदा गाजवणाऱ्या हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर तो बेतलेला आहे. स्मिता पाटील तेव्हा जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची होती. या भूमिकेसाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. आपल्यापैकी अनेकींनी हा सिनेमा पाहिला असेल आणि 'एका नटीच्या आयुष्यात आलेले पुरुष' अशी त्याची आठवण ठेवली असेल. आज तो वेगळ्या नजरेनं पाहायला हवा, असं मला वाटतं. त्यातले पुरुष क्षणभर बाजूला ठेवा आणि त्यातले पैसे बघा.

उषाच्या घरात आजी गाणारी, कलावंतांच्या परंपरेतली. आई, म्हणजे सुलभा देशपांडे, त्या परंपरेतून बाहेर पडून चारचौघींसारखा संसार करू पाहणारी. वडील दारूच्या आहारी गेलेले. आणि घरात येऊन-जाऊन असणारा, मदतीला धावणारा केशव दळवी. वडील गेल्यावर हाच केशव कुटुंबाला मुंबईत आणतो, पोरीच्या गळ्यात गाणं आहे म्हणून तिला स्टुडिओत घेऊन जातो. घराची चूल पेटते ती त्या दिवसापासून उषाच्या कमाईवर.

या सगळ्यात वाईट कोण आहे? पटकन बोट दाखवावं असं कुणी सापडत नाही, आणि तिथंच सिनेमाची ताकद आहे. केशवच्या भूमिकेत अमोल पालेकरांना घेतलंय. 'रजनीगंधा' आणि 'चितचोर'मधला सालस, आपल्या चाळीत शोभेल असा मुलगा! प्रेक्षकानं त्या काळी ज्याला डोळे मिटून जावई करून घेतलं असतं, तोच इथं एका लहान मुलीवर नजर ठेवून आहे, केलेल्या मदतीचा हिशेब मनात मांडून बसला आहे. खलनायकाला मिशा असतात, डोळे लाल असतात, ही आपली समजूत. इथं खलनायक भाजी आणून देतो, डॉक्टर बोलावतो, आजीशी गोड बोलतो. त्याला 'घरचाच' म्हणतात.

मग उषा मोठी होते आणि आईच्या विरोधाला न जुमानता याच केशवशी लग्न करते. तिला वाटतं, आता घर करीन, स्वयंपाक करीन, कॅमेऱ्यासमोर उभं राहायला नको. केशव मात्र तिच्यासाठी नवी कामं ठरवून येतो, कारण त्याचे स्वतःचे धंदे काही धड चालत नाहीत. ज्या राजनबद्दल तो बायकोवर संशय घेतो, त्याच राजनबरोबरचा सिनेमा घ्यायला मात्र त्याची ना नसते. संशय वेगळा आणि व्यवहार वेगळा! बायकोच्या चारित्र्याची चौकशी तो रोज करतो आणि तिच्या कमाईची चौकशी तिला करू देत नाही. या एका वाक्यात कितीतरी घरं बसतील.

पुढचं माहीतच आहे. उषा घर सोडते, हॉटेलात राहते. विचारवंत दिग्दर्शक सुनील वर्मा तिला जीव द्यायला बरोबर चल म्हणतो आणि स्वतः मागे फिरतो. मग श्रीमंत काळे येतो. अमरीश पुरींनी केलेला हा माणूस आवाजही फारसा चढवत नाही. त्याच्या वाड्यात उषाला मान मिळतो, सासूची माया मिळते, अंथरुणाला खिळलेल्या पहिल्या बायकोची मैत्रीसुद्धा मिळते. फक्त एक दिवस मुलाला घेऊन जवळच्या जत्रेला निघते, तेव्हा कळतं की उंबरठा ओलांडायची परवानगी नाही. आणि सुटकेसाठी तिला कुणाला पत्र लिहावं लागतं? केशवला. कारण कायद्यानं नवरा तोच. एका कैदेतून सोडवायला आधीच्या कैदेचा मालक यावा लागतो.

आता सांगा, या मुलीचं निरागसपण कुठल्या रात्री गेलं? कुठलीच रात्र दाखवता येत नाही. माझ्या मते ते गेलं पहिल्या पगाराच्या दिवशी. घर आपल्या जिवावर चाललंय, पण या घरात आपण काय करायचं ते दुसरे ठरवणार, हे ज्या दिवशी एका पोरीला कळतं, त्या दिवशी तिचं बालपण संपतं. मग ती खेळत असली तरी खेळत नसते. रुसायचा हक्क संपतो, आजारी पडायचा हक्क संपतो, 'मला नाही जायचं' म्हणायचा हक्क संपतो. पुढे जे पुरुष तिच्या आयुष्यात आले, त्यांनी नवं काहीच केलं नाही. लहानपणी घालून दिलेली रीत त्यांनी फक्त पुढे चालवली.

खऱ्या हंसाबाईंचं आयुष्य पाहिलं तर हे आणखी टोचतं. 1923 साली जन्मलेली ही मुलगी मूळची रतन साळगावकर. तेरा-चौदाव्या वर्षी, 1936 च्या 'विजयाची लग्ने'मधून ती पडद्यावर आली. 'हंसा' हे नाव सिनेमाचं आणि 'वाडकर' हे आडनाव सिनेमात आधीपासून असलेल्या आत्याचं. म्हणजे कामाला लागली तेव्हा पोरीचं नावसुद्धा तिचं राहिलं नाही! 'संत सखू', 'लोकशाहीर रामजोशी', 'सांगत्ये ऐका' असे एकाहून एक सिनेमे त्यांनी केले. शेवटचा तर पुण्यात एकाच थिएटरात शंभरावर आठवडे चालला. पण जेव्हा स्वतःची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा 'सांगत्ये ऐका' हेच नाव त्यांनी घेतलं. पुस्तक 1970 साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. अठ्ठेचाळीस वर्षांचं आयुष्य. आपल्या नावावर बनलेला सिनेमा त्यांनी पाहिलाच नाही.

काही जणी म्हणतील, अहो, हे जुन्या काळचं झालं. तेव्हा सिनेमात काम करणं म्हणजे नाव बुडवणं. आता तर आईवडील हौसेनं मुलींना पाठवतात. अगदी बरोबर. पूर्वी पोरीला स्टुडिओत नेताना घरच्यांची मान खाली असायची, आता वर असते. पण पोरीला कुणी विचारतं का, हा प्रश्न आहे तिथंच आहे. नाचाच्या स्पर्धेत सात वर्षांची मुलगी मोठ्या बाईचे हावभाव करते आणि आपण सोफ्यावर बसून टाळ्या वाजवतो. परीक्षकांनी दोन गुण कमी दिले की ती रडते, आणि त्या रडण्याचाही जवळून शॉट घेतला जातो. आता तर स्टुडिओचीही गरज नाही. मोबाइल समोर धरला की झालं. पोरीनं तोंड वेंगाडलं, पोरीनं लाडिक बोलली, घाला व्हिडिओ. बघणारे वाढले की जाहिराती येतात, घरपोच वस्तू येतात, पैसे येतात. कंटाळली तरी 'अजून एकदाच गं बाळा' सुरू असतं.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण फार थोड्या पालकांना तो माहीत असतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला बंदी आहे, पण 2016 च्या दुरुस्तीनं सिनेमा, टीव्ही, जाहिरातीतल्या बालकलाकारांना त्यातून सूट दिली आहे. सूट आहे, पण मोकाट नाही. 2017 च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. निर्मात्यानं जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, शाळा बुडणार नाही हे बघायचं. मुलाच्या मर्जीविरुद्ध काम करून घ्यायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मिळणाऱ्या पैशातले निदान 20 टक्के थेट मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जायला हवेत, सज्ञान झाल्यावर ते त्याला मिळायला हवेत.

वीस टक्के फार नाहीत. उरलेल्या ऐंशीचं काय, असं उषानं विचारलं असतं. पण निदान पोरीच्या कष्टाचा काही भाग पोरीचा आहे, एवढं तरी सरकारी कागदावर आलं. घरच्या घरी काढलेल्या व्हिडिओला मात्र निर्माता नसतो, कामाचे तास मोजणारं कुणी नसतं. तिथं निर्माते आपणच, आणि केशव दळवीसुद्धा आपणच.

आणि हे फक्त पडद्यावरच्या मुलींचं नाही बरं का. आईबरोबर चार घरची धुणीभांडी करणारी बारा वर्षांची पोर, ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागे धाकट्या भावंडांना सांभाळणारी ताई, नोकरी लागल्याबरोबर भावाच्या फीचा भार उचलणारी थोरली. यांच्या कमाईला आणि कष्टाला आपण 'समजूतदारपणा' म्हणतो. 'आमची पोर वयाच्या मानानं फार समजूतदार आहे हो', हे किती कौतुकानं म्हणतो आपण! त्या समजूतदारपणाची किंमत तिनं कशानं चुकवली, हे विचारत नाही. घरची ओढग्रस्त खरी असते, आईचा नाइलाजही खरा असतो. उषाच्या आईला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. तिच्याही हातात काही नव्हतं. पण नाइलाजानं घेतलेलं असलं तरी घेतलेलंच असतं. त्याची निदान नोंद तरी ठेवावी, आणि जमेल तेव्हा परत करावं.

मोठ्या झालेल्या उषा तर आपल्या घराघरांत आहेत. सकाळी लोकल पकडून ऑफिसात जाणारी, महिन्याला चांगला पगार घेणारी बाई. एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात. 'मला काय कळतंय त्यातलं, सगळं हेच बघतात', हे ती अभिमानानं सांगते. बघू देत की! पण पासबुकात काय आहे ते आपल्याला ठाऊक हवं. कमावणारी बाई स्वतंत्र होतेच, असं आपण गृहीत धरलं होतं. 'भूमिका'तली नायिका सिनेमाभर कमावतच असते, आणि हॉटेलच्या खोलीपलीकडे तिची स्वतःची म्हणावी अशी जागा नसते.

सिनेमाच्या शेवटी तिची लेक येते. लग्न झालेली, सुखात असलेली. आईला म्हणते, माझ्याकडे चल. उषा जात नाही. तिला आता कुणाच्याच घरी जायचं नाही, लेकीच्यासुद्धा. हा शेवट अनेकांना उदास वाटतो. मला त्यात एक गोष्ट दिसते. लहानपणापासून जिला 'चल' म्हणून नेलं, ती आयुष्यात बहुधा पहिल्यांदा स्वतःसाठी 'नाही' म्हणते. आणि ते ऐकणारी लेक तिला ओढून नेत नाही.

आपल्या मुलींना हे 'नाही' म्हणायला चाळिशी गाठावी लागू नये. म्हणून दोनच गोष्टी करूया. घरातली लहान पोर गाते, नाचते, जाहिरातीत दिसते, व्हिडिओत दिसते. तिला या आठवड्यात एकदा शेजारी बसवून विचारा, तुला हे आवडतं का गं? आणि ती 'नाही' म्हणाली तर रागावू नका, ऐका. दुसरं, तिच्या नावानं जे काही येतं त्याचं खातं तिच्या नावानं उघडा, त्याचं पासबुक तिला दाखवा, आकडे वाचायला शिकवा. मग स्वतःचंही काढा कपाटातून आणि बघा, शेवटची नोंद कधीची आहे ती.