घर विकण्याआधी घरधनिणीला विचारा

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपण म्हणतो. घर विकून पाहावं, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. तरी ती वेळ येतेच. आजारपण निघतं, देणं वाढतं, मुलगा नाशिकला स्थिरावतो. विकणं हा काही गुन्हा नाही. पण घाईत, कागद न पाहता आणि घरातल्या बाईला न विचारता विकणं ही मोठी चूक, आणि तिची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते.

आमच्या खोडाळा-मोखाडा भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. हात मोकळे असताना ‘रोख देतो, इथे अंगठा दे’ म्हणणारा देवासारखा वाटतो. तिथेच थांबायला हवं.

पहिला प्रश्न, घर कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा म्हणजे मालकी, असा सर्रास समज आहे. खरं तर ती करआकारणीची नोंद. गावठाणातल्या घरासाठी 2020 पासून स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळू लागली आहे, ती पाहा. घर शेतजमिनीत असेल तर सातबारावरच्या सगळ्यांची संमती घ्या. आणि वनहक्काच्या पट्ट्यावर घर असेल तर विषयच संपला. 2006 च्या कायद्याने मिळालेला तो हक्क वारसाला जातो, विकता येत नाही.

दुसरी गोष्ट खास आपल्याकडची. मोखाडा आणि जव्हार हे अनुसूचित क्षेत्र आहे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीने विकत घ्यायची, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ‘ते घेणारा बघेल’ म्हणून सोडू नका. परवानगीशिवायचा व्यवहार टिकत नाही, पण ताबा गेलेला असतो आणि पैसे संपलेले असतात. मग कचेरीचे हेलपाटे आपल्याच नशिबी!

तिसरी चूक कागदाची. स्टँपपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे खरेदीखत होत नाही. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. इसार घेतला की पावतीत पूर्ण किंमत आणि बाकी रकमेची तारीख लिहून घ्या. मुद्रांक वाचवायला कागदावर कमी किंमत दाखवू नका. उद्या भांडण झालं तर कागदावरचाच आकडा धरला जातो. सरकारी दर रेडी रेकनरमध्ये असतो, तो आधी विचारा. दलालाला कुलमुखत्यारपत्र देऊन मोकळं होऊ नका. पैसे बँकेतूनच घ्या, आणि पूर्ण रक्कम हाती आल्याशिवाय ताबा सोडू नका.

आता मूळ मुद्दा. घर सारवते बाई, गळती लागली की भांडी मांडते बाई, पण सौदा ठरतो ओट्यावर, पुरुषांत. गावातली घरं नवरा-बायको दोघांच्या नावे नोंदवण्याचा निर्णय आपल्या राज्याने 2003 मध्येच घेतला. ग्रामपंचायतीत जाऊन आपलं नाव लागलंय का, हे किती जणींनी पाहिलंय? मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क देणारी 2005 ची हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. म्हणून आदिवासी बहिणींसाठी कागदावरचं नाव जास्तच मोलाचं.

कुणी म्हणेल, बाईला विचारलं तर व्यवहार अडतो. अडू दे की! चार दिवस अडलेला व्यवहार परवडतो, हातचं घर गेलेलं परवडत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, कागद मोठ्याने वाचून घ्या, समजेपर्यंत सही-अंगठा देऊ नका. आणि एवढं नक्की विचारा, ‘येत्या पावसाळ्यात आपण कुठे राहणार?’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय सौद्याला हो म्हणू नका.